पाच ग्रॅमची झीज

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर काटेवाल्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात पंखा नव्हता. ऐन उन्हाळ्यातही नव्हता. दाराला काच, खिडकीला काच, आणि आत पाऊल टाकलं की दोन मिनिटांत कपडे पाठीला चिकटायचे. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, पंखा बिघडलाय का. काटेवाले मान वर न करता म्हणायचे, "वारा लागला की काटा खोटं बोलतो. तुम्ही बाहेर बाकावर बसा. तुम्हाला तोलायचं नाहीये."

तराजू, काटे आणि वजनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. वाण्याचा टांगता तराजू, भाजीवालीची पारडी, खाटकाचा घड्याळासारख्या तबकडीचा काटा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. कामाचं टेबल म्हणजे संगमरवराची एक फरशी. ती इतकी सपाट बसवलेली, की तिच्यावर गोटी ठेवली तर जागची हलत नसे. तिच्या एका बाजूला कानस, चिमटे आणि शिशाचे तुकडे. दुसऱ्या बाजूला लाल मखमलीचं अस्तर लावलेली लाकडी डबी, आणि डबीत पितळेचं एक किलोचं वजन. त्याला ते नुसतं 'अस्सल' म्हणायचे.

या अस्सलचं काम काय, ते मला त्यांनीच एकदा समजावून सांगितलं होतं. दुकानदाराच्या वजनाच्या पोटात खालून भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन जड निघालं तर थोडं शिसं खरवडायचं, हलकं निघालं तर भरायचं. पण जड की हलकं, हे ठरवायचं कशावरून? तर डबीतल्या त्या वजनावरून. म्हणजे आमच्या भागातल्या प्रत्येक घरात येणारी साखर, साबण आणि खिळे शेवटी त्या एका डबीतून मोजले जात होते.

त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने काम सोडताना ते वजन त्यांच्या हाती दिलं आणि "जप" एवढंच म्हटलं. काटेवाल्यांनी ते अक्षरशः जपलं. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी दहा मिनिटं मऊ फडकं आणि बारीक भुकटी घेऊन ते वजन घासत बसायचं, मग बाकी सगळं. वजन असं लखलखायचं की त्यात बघून भांग पाडावा. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनी म्हणायच्या, "माझ्याकडे इतकं निरखून यांनी लग्नानंतर एकदाही पाहिलेलं नाही."

मी रोज संध्याकाळी वही लिहिते. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय. घडलं ते आधी लिहायचं, वाटलं ते शेवटी, एका ओळीत. अशा बावन्न वर्षांच्या वह्या कपाटात आहेत आणि त्यांत काटेवाले जितक्या वेळा आलेत तितका माझा सख्खा भाऊही आलेला नाही. त्याचं कारण असं, की ते जे दुकानात करायचे तेच घरी करायचे, जिन्यातही करायचे. फार शिकलेले नव्हते. पण दुकानातला एक नियम घ्यायचा आणि तो आयुष्याला लावून बघायचा, हा त्यांचा छंद होता.

एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या ओल्या कपड्यांचं पाणी माझ्या उन्हात टाकलेल्या उशांवर गळलं. मी तणतणत खाली उतरले आणि वाटेत काटेवाले भेटले म्हणून त्यांनाच सुनावलं. त्यांनी विचारलं, ताई, आज सकाळी काय झालं. म्हटलं, पाणी गळलं. ते म्हणाले, त्याच्या आधी. त्याच्या आधी मुलाचं पत्र आलं होतं, की सुट्टीत येणं जमणार नाही.

"मग तुमचा काटा रिकाम्या पारड्यातच चार घरं पुढे होता," ते म्हणाले. "तोलायच्या आधी रिकामा काटा बघायचा असतो. तेवढं वजा करा, आणि उरेल तेवढंच वर जाऊन बोला."

मी वर गेलेच नाही. उशा दुपारपर्यंत वाळल्या.

माझे यजमान गेले तेव्हा घरात सल्ल्यांचा पाऊस पडला होता. घर विका, मुलाकडे जा, जागा भाड्याने द्या, कशाला एकट्या राहता. प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं की मला तेच पटायचं. काटेवाले भेटायला आले तेव्हा सल्ला देतील अशी माझी खात्री होती. ते पाणी प्यायले आणि जाता जाता दारात म्हणाले, "हलता काटा वाचायचा नसतो, ताई. थांबला की वाचा." तो थांबायला चौदा महिने लागले. मी अजून त्याच घरात आहे.

असा हा माणूस. आता त्यांच्या हातून काय चुकलं ते सांगते, कारण मला ते खरे कळले ते त्या चुकीमुळे.

वहिनींचा धाकटा भाऊ, म्हणजे काटेवाल्यांचा मेहुणा, समोरच्या कोपऱ्यावर मोडीचं दुकान चालवायचा. जुनी तांब्यापितळेची भांडी, नळ, कड्या, तारा, असं सगळं तो वजनावर विकत घ्यायचा आणि भट्टीला पाठवायचा. बोलायला तिखट, मनाने वाईट नाही. एका मंगळवारी एक निवृत्त मास्तरीणबाई काटेवाल्यांकडे आल्या. त्यांची भांडी दुसऱ्या दुकानात जितकी भरली त्यापेक्षा मेहुण्याकडे कमी भरली, अशी त्यांची तक्रार होती. घेणाऱ्याचं वजन जड असलं की विकणारा बुडतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

काटेवाल्यांनी दुकान बंद केलं, डबी काखेत मारली आणि ते रस्ता ओलांडून गेले. त्यांना डबीसकट जाताना बघून शिंपी, लाँड्रीवाला आणि आणखी पाच-सहा जण मागोमाग गेले. मीही गॅलरीतून खाली उतरले, खोटं कशाला सांगू.

एका पारड्यात अस्सल, दुसऱ्यात मेहुण्याचं किलोचं वजन. मेहुण्याचं पारडं किंचित खाली गेलं. काटेवाल्यांनी पारडी बदलून तीनदा बघितलं आणि सांगितलं, जड आहे. मेहुण्याने विचारलं, किती. चार ग्रॅम.

"भाऊजी, चार ग्रॅममध्ये एक खिळा येतो," मेहुणा हसत म्हणाला.

"मग एका खिळ्याएवढं जड आहे."

मेहुण्याचं हसू गेलं. नवीन वजनं आहेत, शिक्क्याची आहेत, असं तो म्हणाला. काटेवाले म्हणाले, शिक्का मारणाराही माणूसच असतो. तेव्हा तो म्हणाला, "तुमचंच हलकं असेल."

सगळे हसले. सूर्यालाच आज उशीर झाला असेल, असं कोणी म्हणावं तसं ते वाटलं. काटेवालेही हसले. मग त्यांनी तिथेच बसून मेहुण्याच्या वजनांच्या पोटातलं शिसं खरवडलं आणि ती 'बरोबर' करून दिली.

आमच्याकडे बाजाराच्या तोंडाशी मालाच्या गाड्या तोलायचा एक मोठा काटा आहे. त्याला धर्मकाटा म्हणतात, कारण त्याचा आकडा घेणारा आणि देणारा दोघंही मुकाट्याने मानतात. त्या दिवसापासून लोक काटेवाल्यांना धर्मकाटा म्हणू लागले. सख्ख्या मेहुण्याची भीड ठेवली नाही, ही गोष्ट तोंडी तोंडी फिरत राहिली. आणि मेहुण्याकडे जाणारी गिऱ्हाइकं दोन चौक पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. त्याने ती खरवडलेली वजनं फेकून दिली, शिक्क्याची नवी आणली आणि बहिणीच्या घराची पायरी चढणं सोडलं.

वहिनी मधल्यामध्ये सापडल्या. नवऱ्याला डावलून भावाकडे जायचं तर घरात अबोला, आणि भाऊ तर इकडे येणार नाही. म्हणून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, ती दोघं माझ्या स्वयंपाकघरात भेटायची. मी चहा करून गॅलरीत जाऊन बसायची. वहिनींना बिनसाखरेचा, भावाला दोन चमचे. असं सहा वर्षं चाललं. त्या सहा वर्षांत त्या दोघांची आई गेली. काटेवाले मेहुण्याच्या दारापर्यंत गेले, कोणी या म्हटलं नाही म्हणून उंबऱ्याबाहेर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

सहाव्या वर्षी औषधांच्या दुकानाच्या मालकिणीने नवीन आकड्यांचं यंत्र आणलं. ती काही मलमं स्वतः करून द्यायची, म्हणून तिला बारीक वजन लागायचं. यंत्र चालू करायच्या आधी तिने काटेवाल्यांना तपासायला बोलावलं. मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले होते आणि काउंटरच्या अलीकडच्या खुर्चीवर बसले होते.

काटेवाल्यांनी यंत्रावर अस्सल ठेवलं. आकडा आला, ९९५.

"नवीन आहे," ते म्हणाले. "रुळायला वेळ लागेल."

औषधवाली म्हणाली की रिकामं असताना शून्य तर बरोबर दाखवतंय. हे तिला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी पंखा बंद करायला सांगितला, यंत्राचे पाय फिरवून ते सपाट केलं आणि पुन्हा ठेवलं. ९९५. मग यंत्राच्या खोक्यात आलेलं तपासणीचं पोलादी वजन औषधवालीने काढून ठेवलं. १०००. पुन्हा अस्सल. ९९५. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा कोणीच आकडा वाचला नाही.

ते स्टुलावर बसले. सवयीने खिशातलं फडकं काढलं आणि वजन पुसू लागले. मग हात थांबला. त्यांनी फडकं उलगडून उजेडात धरलं.

"ताई, हे काळं कशाचं?"

मी म्हटलं, पितळेवरचा मळ.

"रोज पुसतो. मग रोज मळ कुठून येईल?" त्यांनी काळ्या डागावरून बोट फिरवलं. "हे पितळच आहे. एकतीस वर्षं मी हे वजन पुसून पुसून फडक्यावर घेतोय. आणि फडकं घरी धुवायला टाकतोय."

वजनमापांच्या कचेरीत नेऊन ते अस्सल दर दोन वर्षांनी ताडून घ्यायचं असतं. सुरुवातीला दोनदा त्यांनी नेलंही होतं. दोन्ही वेळा बरोबर निघालं. पुढे नेलं नाही. आळस म्हणून नव्हे. रोज ज्याला हातात घेतो, ज्यात आपलं तोंड दिसतं, त्याच्यावर शंका कोण घेतं? कचेरीचा माणूस दुकानं तपासायला यायचा तेव्हा काटेवाल्यांच्या हातची चिठ्ठी बघून डोळे मिटून शिक्का मारायचा. सगळ्यांचा भरवसा त्यांच्यावर आणि त्यांचा त्या डबीवर.

औषधवाली शहाणी बाई. ती म्हणाली, एवढं मनाला लावून घेऊ नका. नवीन वजन आणा आणि पुढच्या वर्षभरात एकेका दुकानाचं गुपचूप नीट करून टाका. किलोमागे पाच ग्रॅमने कोण मरतं? मलाही ते पटलं, आणि मी तसं बोललेही.

काटेवाले वजन डबीत ठेवत म्हणाले, "मेहुण्याला मी चार ग्रॅमवर धरलं होतं."

औषधवालीने पोलादी वजन खोक्यात परत ठेवलं.

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मेहुणा त्या दिवशी नेमकं काय म्हणाला होता, ते त्यांना हवं होतं. त्यांना आठवत होतं, पण आठवणीवर आज भरवसा नाही म्हणाले. मी त्या वर्षाची वही काढली आणि वाचून दाखवलं. तुमचंच हलकं असेल.

"पुढे काय लिहिलंय?"

मी म्हटलं, काही विशेष नाही.

"ताई."

मग मी शेवटची ओळ वाचली. सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाही, न्याय असावा तर असा. वाचताना माझे कान तापले. मी पेन घेऊन ती ओळ खोडणार, तेवढ्यात त्यांनी वहीवर हात ठेवला. म्हणाले, खोडू नका, त्याच्याखाली आजची तारीख टाका आणि आजचा आकडा लिहा. मी लिहिला. ९९५.

वहिनींना त्यांनी जेवताना सांगितलं. वहिनी दुसऱ्या दिवशी मला सांगत होत्या, की त्यांनी आधी ताटं उचलली, घासली, आणि मग म्हणाल्या की सहा वर्षं मी माझ्या भावाला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भेटतेय. त्यांना वाटलं, आता आकाश कोसळणार. पण ते म्हणाले, "माहीत आहे. दुसऱ्या शनिवारी तू संध्याकाळी शांत असायचीस." म्हणजे इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं आणि ते त्या दिवशी मुद्दाम दुकानात उशिरापर्यंत थांबायचे. वहिनी हे सांगताना रागावलेल्या होत्या की रडवेल्या, मला ठरवता आलं नाही. मला वाटतं त्यांनाही नाही.

त्यानंतर तीन दिवस काहीच झालं नाही. दुकान बंद. मी गॅलरीतून कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बघत राहायची. माझ्या मनात पाल चुकचुकली, की शेवटी हाही माणूसच, भीतीने मागे फिरला असेल. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा मी आडून आडून विचारलं.

ते म्हणाले, "गरम वस्तू कधी तोलू नये, ताई. भोवतालची हवा तापून वर जाते, पारड्याला उचलते, आणि वस्तू हलकी भरते. पहिल्याच दिवशी गेलो असतो तर मी तिथे रडलो असतो. मग मेहुण्याला माझी समजूत काढावी लागली असती. चूक माझी, आणि कामाला लावायचं त्याला."

थंड होईपर्यंत ते रिकामे मात्र बसले नव्हते. कचेरीत जाऊन, रांगेत उभं राहून, त्यांनी अस्सल तपासायला दिलं होतं. त्याचा कागद त्यांच्या खिशात होता. कागदावर आकडा होता आणि खाली एक शब्द, 'बाद'.

चौथ्या दिवशी सकाळी ते आधी मास्तरीणबाईंकडे गेले. त्या आता काठी घेऊन चालायच्या. मग शिंप्याकडे, मग लाँड्रीवाल्याकडे. सगळ्यांना एकच सांगितलं, त्या दिवशी तुम्ही होतात, आजही या. वहिनींनी म्हटलं होतं, घरी बोलावून सांगा, चार भिंतींच्या आत. ते म्हणाले, मी त्याला चार भिंतींच्या आत जड म्हटलं नव्हतं.

लोक आले ते अर्थातच मजा बघायला. धर्मकाटा पुन्हा डबी घेऊन निघालाय, आज कोणाचा नंबर, अशी कुजबुज मी मागून ऐकत होते. मेहुणा पोचा आलेल्या एका हंड्याचा काठ लाकडी हातोडीने सरळ करत होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा हातोडी मारू लागला.

काटेवाल्यांनी परवानगी मागितली. मेहुण्याने मानेनेच तराजूकडे खूण केली. एका पारड्यात अस्सल, दुसऱ्यात मेहुण्याचं वजन. मेहुण्याचं खाली गेलं.

"पुन्हा जड," शिंपी म्हणाला.

"नाही," काटेवाले म्हणाले. "त्याचं बरोबर आहे. माझं हलकं आहे." त्यांनी खिशातून कागद काढून वाचला. आवाज दुकानात बोलतात तसाच, ना चढा ना पडका. मग म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी हा इथेच म्हणाला होता, तुमचंच हलकं असेल. तुम्ही हसलात. मीही हसलो. मग मी याची खरी वजनं खरवडून खोटी केली, आणि तुमच्या सगळ्यांचीही. आज या अख्ख्या बाजारात बरोबर वजन एकट्या याच्याकडे आहे. कारण याने मला पुन्हा हात लावू दिला नाही."

मास्तरीणबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. हातोडीचे आणखी दोन ठोके पडले आणि थांबले.

"मला तरी कुठे माहीत होतं," मेहुणा हंड्याकडे बघत म्हणाला. "रागाने तोंडाला आलं ते बोललो."

"तोंडाला आलं, पण बरोबर आलं. मी तोलून चुकीचं बोललो."

"सहा वर्षं, भाऊजी."

"हो."

"आई गेली तेव्हा तुम्ही दारातून परत गेलात."

"तू या म्हणाला नाहीस."

"तुम्ही आत यायला हवं होतं."

काटेवाल्यांनी पारड्यातून अस्सल उचललं. मग म्हणाले, "हो. यायला हवं होतं."

मला वाटलं होतं, आता दोघं गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. मेहुणा म्हणाला, बरं, निघा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय. गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. काटेवाल्यांनी अस्सल त्याच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे मोडीत घे, मला काही देऊ नकोस, पण वितळवून टाक. आणि रिकामी डबी काखेत मारून ते रस्ता ओलांडून आले.

पुढचे पाच आठवडे त्यांनी दारोदार जाऊन वजनं पुन्हा नीट केली. कचेरीतून नवीन अस्सल आणलं होतं. प्रत्येक दुकानात शिरताना आधी काय झालं ते सांगायचं, मग कानस काढायची. दोन वाण्यांनी त्यांना काम देणं कायमचं बंद केलं. कचेरीच्या माणसाने, ज्याने डोळे मिटून शिक्के मारले होते, त्यानेच त्यांना सगळ्यांदेखत झापलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं. खाटीक म्हणाला, मी तर बोटाने पारडं दाबतो, तुमच्या पाच ग्रॅमचं काय घेऊन बसलात. त्यावर काटेवाले म्हणाले, तुमच्या बोटाला शिसं भरायला जागा नाही, नाहीतर तेही केलं असतं.

धर्मकाटा हे नाव काही सुटलं नाही. महिनाभर लोक ते चिडवायला म्हणत होते. मग सवयीने म्हणू लागले. त्यानंतर कधीतरी, ज्यांचा आपापसात वाद असेल असे लोक पुन्हा त्यांच्याकडे येऊ लागले. पण आता ते डबी उघडायच्या आधी कचेरीचा ताजा कागद समोर ठेवायचे. समोरच्याने वाचल्याशिवाय तोलायचे नाहीत.

नव्या वजनाला त्यांनी कधी घासलं नाही. चिमट्याने उचलायचं, चिमट्याने ठेवायचं. ते हळूहळू मंद, मातकट झालं. भिंतीवर त्यांनी कचेरीत जायची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आणि दर दोन वर्षांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवून ते गेले. सकाळची ती दहा मिनिटं मोकळी झाली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, आता माझ्याकडे बघायला हरकत नाही, मी काही झिजणार नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर त्या घटनेनंतर आमच्यात एक खूण तयार झाली. मी सुनेला कधी सांगू लागले, की चाळीस वर्षांत माझ्या हातून अमुक झालं नाही, तमुक कधी चुकलं नाही, आणि काटेवाले जवळपास असले, तर ते हळूच म्हणायचे, ताई, फडकं बघा. मी लगेच गप्प व्हायची. चांगुलपणा रोज उजेडात धरून घासत बसलं की तो चकाकतो खरा, पण त्यातलंच काहीतरी फडक्यावर उतरत असतं, आणि त्याच्याने आपण दुसऱ्यांना तोलत राहतो. हे त्यांनी मला असं शब्दांत कधी सांगितलं नाही. मी वहीत शेवटच्या ओळीत लिहिलंय.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या त्या सकाळनंतर महिन्याचा दुसरा शनिवार आला. मी चार वाजता चहाचं आधण ठेवलं, वहिनींचा आणि त्यांच्या भावाचा कप काढला. साडेचार झाले, पाच झाले. कोणी आलं नाही. शेवटी लाँड्रीवाला कपडे द्यायला आला, त्याने सांगितलं. मेहुण्याने दुपारी त्याच्याच हाती निरोप पाठवला होता, की अक्काला सांग, ताईंचा चहा फार पाणचट असतो, घरी ये. आणि भाऊजींनाही आण, दारात उभं राहायचं नाही म्हणावं. दोघंही गेली होती. मी कप धुवून फडताळात ठेवले. त्या दिवशीच्या वहीत एवढंच आहे.

अस्सल त्याने वितळवलं नाही. ते अजून त्याच्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं. आता पार काळं पडलंय. काटेवाल्यांनी काम सोडलं त्याला तीन वर्षं झाली. संध्याकाळी ते मेहुण्याच्या दुकानात जाऊन बसतात आणि मीही कधी भाजी घेऊन येताना तिथल्या बाकावर टेकते. परवा मी बघत होते. बोलता बोलता त्यांची नजर त्या काळ्या वजनावर गेली, आणि हात आपोआप खिशाकडे.

मेहुणा वर न बघताच म्हणाला, "भाऊजी, हात बाहेर."

त्यांनी हात बाहेर काढला, रिकामा, आणि मांडीवर ठेवला.